दुसरा पॉइंट

त्या रविवारी साडेदहाच्या सुमारास मॅटलॉक बाथला पोहोचलो, तर गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दोन फेऱ्या माराव्या लागल्या. डर्बीशरमधल्या या एवढ्याशा गावात रविवारी मोटारसायकलींची जत्राच भरते. एका अंगाला डरवेंट नदी आणि तिच्यावर झुकलेला चुनखडीचा कडा, दुसऱ्या अंगाला चिप्सची दुकाने, आणि मधल्या रस्त्याच्या कडेने हँडलला हँडल भिडवून उभ्या असलेल्या गाड्या. व्हिनेगरचा आंबूस वास आणि तापलेल्या सायलेन्सरचा वास एकमेकांत मिसळून तिथली हवा अशी काही होते, की मला दर वेळी विनाकारण रंकाळ्याच्या चौपाटीवरची भेळ आठवते. मी हेल्मेट काढले की दोन-चार माणसे जमतात, याची आता सवय झाली आहे, कारण १९७५ सालची सुझुकी आरई-५ काही रोज दृष्टीला पडत नाही. लोकांचे प्रश्नही ठरलेले असतात. हिला पिस्टन नाही हे खरे का? पेट्रोल किती पिते? सुटे भाग कुठून मिळवता? त्या दिवशी आलेल्या म्हाताऱ्याने यांपैकी काहीही विचारले नाही. सत्तरी केव्हाच ओलांडलेला तो माणूस एक हात गुडघ्यावर ठेवून हळूहळू खाली वाकला, इंजिनाच्या झाकणाकडे थोडा वेळ पाहत राहिला आणि त्याने विचारले, "दोन्ही पॉइंट्स अजून आहेत का, मी डक?" या भागात अनोळखी माणसालाही 'माझ्या बदका' म्हणून हाक मारतात, इथे दहा वर्षे काढूनही मला त्याचे हसू येते. मी हसतच "आहेत" म्हणालो. तो "छान" म्हणाला, माझ्या उजव्या मनगटाकडे एकदा पाहिले आणि चिप्सचा पुडा सावरत बाकाकडे निघून गेला.

इंजिनातल्या ठिणगीची वेळ साधणारे ते दोन्ही पॉइंट्स माझ्या घरी, बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात पडलेले आहेत.

परतीच्या वाटेवर क्रॉमफर्ड ओलांडेपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की यात खोटे बोलण्यासारखे काही नव्हते, तरी बोललो, एवढेच; आणि एका अनोळखी माणसाशी गाडीच्या एका भागाबद्दल बोललेल्या खोट्याला वजन ते किती असणार? पण बेल्पर आले तरी ते डोक्यातून जाईना. ब्रेक बदलले आहेत, शॉकअप बदलले आहेत, हेडलाइट बदलला आहे, हे मी विचारणाऱ्याला आपण होऊन सांगतो, किंबहुना न विचारणाऱ्यालाही सांगतो. मग याच एका बदलाविषयी जीभ का अडखळली, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधायचे तर त्या इंजिनातच हात घालावा लागतो.

ज्यांनी असे इंजिन पाहिलेले नाही, त्यांनी भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग डोळ्यांपुढे आणावी. मधे किंचित कंबर असलेली, दोन्ही टोकांना गोलाई असलेली. त्या शेंगेच्या आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो आणि फिरताना त्याची तिन्ही टोके भिंतीला सतत चिकटून राहतात. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात; ते फिरता फिरता मोठे होतात, लहान होतात, आणि ओढणे, दाबणे, पेटणे, बाहेर टाकणे ही चारही कामे एका फेरीत उरकतात. त्रिकोण एकदा फिरतो तेव्हा मधला दांडा तीनदा फिरतो. वर-खाली आदळणारे काहीच नसल्यामुळे गाडी थरथरत नाही; नुसती गुणगुणत राहते. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेतले पहिले इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत चालले. या वांकेलकडे आयुष्यभर वाहन चालवण्याचा परवाना नव्हता, कारण त्याची नजर फार अधू होती. ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच त्याला गोल फिरणारं सुचलं."

कल्पना देखणी, पण तिचे सगळे दुखणे त्रिकोणाच्या तीन टोकांवर बसवलेल्या पट्ट्यांत आहे. भिंतीला घासत, तापत, तेलाच्या एका पातळ थरावर जगत त्या पट्ट्यांना वायू अडवून धरायचा असतो. एनएसयूच्या आरओ-८० या मोटारीने त्या पट्ट्यांपायी कंपनीला जेरीला आणले होते. त्या मोटारीचे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले की आतापर्यंत किती इंजिने बदलून झाली ते बोटांनी एकमेकांना दाखवत, असा किस्सा अजून सांगतात. हा सगळा इतिहास डोळ्यांसमोर असताना सुझुकीने १९७० मध्ये हे इंजिन बनवण्याचा परवाना घेतला. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले आणि नेमक्या त्याच सुमारास ही पेट्रोलखाऊ गाडी जगापुढे आली. १९७४ ते १९७६ एवढेच तिचे उत्पादन चालले. ४९७ सीसी, ६२ अश्वशक्ती, आणि वजन मात्र थोरल्या गाडीचे. तिची ही रडकथा माहीत असूनही मी ती घेतली. किंवा माहीत होती म्हणूनच घेतली असेल. त्याबद्दल माझे मत महिन्यागणिक बदलते.

लिंकनशरमधल्या एका शेतावरच्या गोठ्यात ती ताडपत्रीखाली उभी होती. कोंबड्यांनी बैठकीवर संसार मांडलेला, पुढच्या ब्रेकचे पिस्टन गंजून जाम झालेले, टाकीत पेट्रोलचा डिंक झालेला. मी पाना लावून दांडा हळूच फिरवला. तो फिरला, आणि फिरताना आतून तीन वेळा फुस्स, फुस्स, फुस्स असा समान अंतराने उसासा आला. एकही उसासा अपुरा नव्हता. तेवढ्यावर मी पैसे मोजले.

यंत्राचा उसासा ऐकायला मी शिकलो तो काकांकडे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचे शेड होते; आजूबाजूच्या गावांतली शेतावरची डिझेल इंजिने त्यांच्याकडे बैलगाडीतून, पुढे टेम्पोतून येत. शाळेच्या सुट्टीत मी तिथे रॉकेलच्या पाटीत नट-बोल्ट धूत बसायचो. काकांचे बोलणे कमी. इंजिन खोलताना निघालेला प्रत्येक वायसर ते जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडत आणि कुणी घाईने एखादी गोष्ट फेकायला निघाला की म्हणत, "टाकू नगंस. ती का बसवली हुती ते कळू दे आधी, मग टाक." कित्येकदा ते कळतच नसे, आणि मग ती वस्तू खिळ्याला टांगून राही. त्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या न कळलेल्या गोष्टींची एक मोठी वसाहतच होती. काका गेल्यावर शेड रिकामे करताना मीच ती पोतेभर भंगारात घातली. त्या वेळी मी नुकताच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला गेलेलो असल्यामुळे मला सगळे कळत होते.

आरई-५ खोलत गेलो तसे माझ्या लक्षात येऊ लागले की हिची गुंतागुंत हौसेने आलेली नाही. ती भीतीने आलेली आहे. मी इथे विमानांची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो आणि गळती रोखणाऱ्या पट्ट्यांशीच माझा रोजचा संबंध असल्यामुळे ही भीती मला हातांनी ओळखता येते. हिला तीन वेगवेगळी तेले लागतात. एक त्रिकोणाला आतून थंड ठेवण्यासाठी, एक टोकांच्या पट्ट्यांना थेंबाथेंबाने पाजून जाळून टाकण्यासाठी, आणि तिसरे गिअरबॉक्ससाठी. पाण्याचा भलाथोरला रेडिएटर आहेच आणि त्याखाली तेल गार करणारा निराळा आहे. धूर इतका तापून बाहेर पडतो की सायलेन्सरला दुहेरी कातडे दिलेले असून दोन कातड्यांमधून वारा खेळावा म्हणून पुढे जाळीदार तोंड ठेवले आहे. मूठ पिळली की कार्ब्युरेटरची पहिली झडप उघडते, आत येणाऱ्या वाटेतली आणखी एक झडप हलते, तेलाचा पंपही हलतो. एका मुठीला इतके दोर बांधलेले पाहून मला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आठवला. हमामात्सूमधल्या त्या अभियंत्यांनी रात्री-अपरात्री उठून "पण असे झाले तर?" असे विचारले असावे आणि सकाळी त्या प्रश्नाचा एक भाग ओतून गाडीवर बसवला असावा.

दुसरा पॉइंट हा त्यांतलाच एक प्रश्न. वेगात असताना मूठ सोडली की अशा इंजिनात ताजे मिश्रण कमी आणि मागचा धूर जास्त असा प्रकार होतो. काही ठिणग्या पेट घेतात, काही वाया जातात, आणि गाडी उतारावर हिसके मारत चालते. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की ठिणगीसाठी पॉइंट्सचे दोन संच ठेवायचे. एक संच त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूला ठिणगी देणार, दुसरा एक बाजू सोडून पुढच्या बाजूला. इंजिनाचा वेग आणि आतली ओढ यांवर नजर ठेवणारी यंत्रणा, मूठ बंद आहे आणि वेग मिनिटाला १७०० फेऱ्यांच्या वर आहे असे दिसले की, गुपचूप दुसऱ्या संचाकडे सूत्रे सोपवते. मधल्या कप्प्यात आग लागत नाही, तो निवांत स्वच्छ होऊन जातो, आणि पुढची ठिणगी हमखास पेटते. चालवणाऱ्याला यातले काही कळत नाही; त्याला फक्त हिसका बसत नाही. एवढ्याशा सौजन्यासाठी एवढा खटाटोप.

माझ्या गाडीत तो खटाटोप चालतच नव्हता. वेगावर नजर ठेवणाऱ्या डबीची जोडणी हिरवी पडून कुजली होती, गाडी मनाला येईल तेव्हा दुसऱ्या संचाकडे जायची आणि चढावर अचानक निम्म्या ठिणग्यांवर रखडायची. ॲशबोर्नच्या चढावर मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न वाजवला तेव्हा माझ्या पाठीला सुटलेला घाम आठवला की आजही मूठ घट्ट होते. महिनाभर तारा चाचपून पाहिल्या आणि मग एका शनिवारी मी पॉइंट्सची ती थाळी उपसून त्या जागी चुंबकी सेन्सरवर चालणारी नवी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवली. दोन तासांचे काम. किल्ली फिरवली, बटण दाबले, आणि गाडी पहिल्या हाकेला ओ देऊन घड्याळासारखी चालू लागली. मी गॅरेजमध्ये एकटाच टाळी वाजवली.

त्यानंतरची सुधारणा उताराला लागलेल्या चाकासारखी झाली. स्टिअरिंगमधल्या झिजलेल्या गोळ्या काढून निमुळत्या रोलरचे बेअरिंग घातले. पुढच्या चिमट्यात नव्या स्प्रिंगा, मागे नवे शॉकअप, आजच्या रबराचे टायर, रबरी नळ्यांच्या जागी पोलादी जाळीच्या ब्रेकनळ्या. सत्तरच्या दशकातल्या जपानी गाड्यांच्या चकचकीत डिस्क पावसात भिजल्या की ब्रेक दाबायचा आणि मग देवाचे नाव घेत वाट पाहायची, असा प्रकार होता. नव्या पॅडने ती वाट पाहणे पुष्कळ कमी झाले. या सगळ्यानंतर मी तिला पहिल्यांदा व्हाया जेलियाच्या रस्त्यावर नेली. क्रॉमफर्डहून वर चढणारी ती दरी उन्हाळ्यातही ओलसर, शेवाळी, झाडांच्या सावलीने हिरवी-काळी असते, आणि वळणे एकामागून एक अशी येतात की विचार करायला सवड नसते. पूर्वी ही गाडी प्रत्येक वळणावर आधी नकार द्यायची, मग नाइलाजाने वळायची. त्या दिवशी ती नजरेबरोबर वळत होती. इंजिनाची गुणगुण बदलत नव्हती, फक्त तिची पट्टी चढत-उतरत होती, आणि अडीचशे किलोंच्या आसपासचे ते धूड माझ्या दोन गुडघ्यांमध्ये अगदी निमूट होते. मी वर न्यूहेवनला पोहोचलो तेव्हा माझे गाल दुखत होते, कारण मी इतका वेळ हसत होतो.

आईला त्याच संध्याकाळी फोनवर गाडी दाखवली. ती म्हणाली, "एवढी जुनी हवी म्हणून घेतलीस, आणि आता नवी करत बसलायस." मी हसण्यावारी नेले.

पण एक गोष्ट होती. नवी इग्निशन प्रत्येक बाजूला ठिणगी देते, सदासर्वकाळ. उतारावर मूठ पूर्ण सोडली की तो हिसका परत येतो. फार नाही, पण येतो. त्यावर उपाय मनगटाला आपोआप सापडला. मूठ पूर्ण सोडायचीच नाही, केसभर उघडी ठेवायची, आणि राहिलेले काम ब्रेकवर टाकायचे. ब्रेक आता चांगले असल्यामुळे ते चालूनही जाते. म्हणजे जे काम जपानी अभियंत्यांनी पॉइंट्सच्या एका संचाकडे दिले होते, ते आता माझे मनगट करते, आणि या बदलाला मी सुधारणा म्हणत होतो. अजूनही म्हणतो. चढावर निम्म्या ठिणग्यांवर रखडण्यापेक्षा हे शतपटीने बरे आहे आणि उद्या कुणी विचारले तर मी हाच सल्ला देईन. तरी तिथे काहीतरी बोचते खरे.

बोचण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते कबूल करायला थोडी लाज वाटते. या गाडीची रेखाटणी इटलीच्या जुजारो यांच्याकडून करून घेतलेली असल्यामुळे तिचे मीटर एका आडव्या नळकांड्यात बसवलेले आहेत. किल्ली फिरवली की त्यावरचे पारदर्शक गोल झाकण आपोआप वर सरकते. या झाकणाचा चालवण्याशी काडीचाही संबंध नाही. लोकांना ते इतके विचित्र वाटले की १९७६ च्या गाडीवर साधे मीटर आले. माझ्या गाडीतले ते झाकण अर्ध्यावर अडकत होते. त्याच्यासाठी मी अकरा संध्याकाळी खर्च केल्या; कानात घालायच्या कापसाच्या काडीने त्याच्या खाचा पुसल्या, ओरखडे जाईपर्यंत त्याला पॉलिश केले, आणि आता ते उघडते तेव्हा शेजारची मुले "पुन्हा, पुन्हा" म्हणून ओरडतात. निरुपयोगी झाकणाला अकरा संध्याकाळी, आणि ज्या भागामागे कुणाची तरी झोप उडाली असेल त्याला दोन तास. मॅटलॉक बाथच्या त्या माणसाने झाकणाबद्दल विचारले असते तर मी ताठ मानेने बोललो असतो.

कार्ब्युरेटर मात्र मी बदलला नाही. त्यातले पडदे बदलले, आतल्या वाटा फुंकून साफ केल्या, तीन रविवार त्याच्या एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर डोळे घालून घालवले, आणि एकदा तर रागाने त्याला चहाच्या कपाशेजारी ठेवून दिवसभर त्याच्याशी अबोला धरला. जाणकार सांगतात, तो काढून साधा बसव, निम्मी डोकेदुखी जाईल. ते बरोबरही असेल. पण डब्यात एक वस्तू पडलेली असताना दुसरी ठेवायला माझा हात होईना.

पुढच्या रविवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या रविवारी मी जॅकेटच्या खिशात तो डबा घालून निघालो. म्हातारा त्याच बाकावर होता. मी गाडी लावली, त्याच्याजवळ गेलो आणि काही न बोलता डबा उघडून पुढे केला. त्याने आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला की त्याला ते त्याच दिवशी कळले होते. रस्त्यावरून आत वळताना मी मूठ पूर्ण सोडली नव्हती. ज्यांच्या गाडीला दुसरा संच नसतो ते सोडत नाहीत.

मी माफी मागायला तोंड उघडले, पण तो थाळी उचलून नखाने पॉइंट्स उघडून पाहण्यात गुंग झाला होता. मग त्याने सांगितले की १९७६ साली तो एका दुकानात मेकॅनिक होता. गिऱ्हाइके तक्रार घेऊन यायची, गाडी मधेच दम सोडते म्हणायची. कारण शोधायला ना वेळ असे ना पुरेशी माहिती, म्हणून तो दुसऱ्या संचाची तार काढून टेपने बांधून टाकायचा आणि गाडी परत द्यायचा. नव्याकोऱ्या गाड्यांची. किती, ते त्याला आठवत नव्हते. गिऱ्हाईक खूश होऊन जायचे. "तो संच नीट चालतो तेव्हा उतारावर आवाज कसा येतो, ते मी कधी ऐकलंच नाही," तो म्हणाला. "तुझ्याकडे आहेत म्हणालास, म्हणून वाटलं, आज ऐकायला मिळेल."

समोरून एक लांबलचक ताफा गेला तोवर आम्ही दोघे गप्प होतो. मी त्याला विचारले की ती कुजलेली डबी दुरुस्त होण्यासारखी असेल का. त्याने डोके हलवले, त्याचा अर्थ होकार की नकार ते मला कळले नाही. त्याने चिप्सचे तेल लागलेली बोटे रुमालाला पुसली, थाळीवरचा फेल्टचा इवलासा तुकडा करंगळीने दाबून पाहिला आणि डबा माझ्या हातात परत देत म्हणाला, "हे कोरडं पडलंय. बसवशील तेव्हा थेंबभर तेल घाल. एकच थेंब."